गुहेबाहेर काढलेले बूट

अण्णा आमच्याकडे आले त्याच आठवड्यात मी फोनमध्ये एक यादी सुरू केली. यादीला नाव दिलं नव्हतं, कारण जे द्यावं लागलं असतं त्याची मलाच लाज वाटली असती. पहिली नोंद अशी होती: 'चहा ठेवून मागच्या बागेत गेले. पातेलं करपलं.'

ही यादी करायला मला दादाने सांगितलं होतं. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, चिंचवडला असतो. आई जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून अण्णा जुन्नरच्या पुढे आमच्या गावी एकटे राहतात. गेल्या थंडीत शेजारच्या काकूंना गॅसचा वास आला म्हणून त्या धावत गेल्या, तर शेगडीचं बटण उघडं आणि अण्णा बाहेर ओट्यावर पेपर वाचत बसलेले. त्यानंतर दादाने धोशा लावला की आता त्यांना फ्लॅटवर आणायचं. त्याचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर आहे. अण्णा तिथे पूर्वी एकदा महिनाभर राहून आले होते आणि पुन्हा त्या फ्लॅटचं नाव काढू नका म्हणाले होते. शेवटी दादाने तोड काढली. अण्णा तीन महिने माझ्याकडे आयर्लंडला येणारच होते. तुझ्या डोळ्यांसमोर असतील, तो म्हणाला, नीट बघ, एकटे राहू शकतात की नाही ते तू ठरव, तू सांगशील ते फायनल.

मी हो म्हटलं. मी त्या वर्षी सगळ्यांनाच हो म्हणत होते. नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागतं, आणि तेवढा जीव अंगात उरलेला नसायचा.

आम्ही ओंगारला राहतो. डब्लिनच्या पश्चिमेला, एकसारख्या घरांच्या रांगा, प्रत्येक दारापुढे दोन गाड्या आणि रांगेच्या टोकाला मुलांसाठी हिरवळीचा तुकडा. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, मुलगी बारा वर्षांची, आणि मी हृदयात घालायच्या बारीक नळ्या बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात. माझं काम म्हणजे दुसऱ्याचं काय चुकलं ते बघायचं, लिहायचं, त्याचं कारण शोधायचं आणि फाइल बंद करायची. पंधरा वर्षं हेच करते आहे. त्यामुळे अण्णांची यादी करणं मला जड गेलं नाही, हे आज सांगताना जास्त जड जातं आहे.

नोंदी वाढत गेल्या. 'चष्मा फ्रिजवर ठेवून घरभर शोधला.' 'मुलीला दोनदा आईच्या नावाने हाक मारली.' 'ब्लँचर्डस्टाउनला मॉलमध्ये ज्या दाराने आत गेलो ते दार सापडेना.' आणि सहावी नोंद होती: 'तोच प्रश्न तीनदा.'

त्या प्रश्नाची गोष्ट अशी. ऑगस्टमध्ये भूमध्य समुद्रातल्या एका बेटावर आठवडाभर चालायला जायचं आमचं वसंतातच ठरलं होतं. एका बाजूने समुद्राकाठच्या गुहा, मग डोंगर चढून आतल्या बाजूच्या गुहा, रोज आठ-दहा किलोमीटर, रात्री मुक्कामाला गावात खोली. मुलीने भिंतीवर नकाशा लावला होता. अण्णा येणार म्हटल्यावर आम्ही त्यांचंही तिकीट काढलं. ते आयुष्यभर पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते, रोज वीस वीस किलोमीटर कालव्याच्या काठाने सायकल आणि पाय. चालायची त्यांना भीती नव्हती. पण नकाशा बघून त्यांनी पासपोर्टातल्या व्हिसाबद्दल विचारलं, "तिकडं माझा शिक्का चालंल का?" मी म्हटलं, चालतो हो अण्णा, काळजी करू नका. पुढच्या आठवड्यात परत तेच. जुलैत परत. तिसऱ्या वेळी मी जरा चिडूनच सांगितलं, आणि ते गेल्यावर फोन काढून नोंद केली.

निघायच्या तीन दिवस आधी विमान कंपनीच्या साइटवर सगळ्यांची माहिती भरताना अण्णांच्या नावापुढे व्हिसाचा नंबर मागितला. अण्णांचा व्हिसा फक्त आयर्लंडचा होता. त्या बेटासाठी युरोपातल्या इतर देशांचा सामाईक व्हिसा वेगळा लागतो, त्यात आयर्लंड नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. इथला पासपोर्ट मिळायच्या आधी मी स्वतः त्या व्हिसासाठी फाइल छातीशी धरून थंडीत रांगेत उभी राहिलेली आहे. पण पाच वर्षं तो लाल पासपोर्ट हातात घेऊन फिरताना रांग विसरून गेले. आपण विसरलो की जगातून व्हिसाच संपले असं वाटायला लागतं बहुतेक.

नवरा म्हणाला, सगळंच कॅन्सल करू. मुलीचा चेहरा पडला. मीच म्हटलं की तुम्ही दोघं जा, मी अण्णांना घेऊन इथेच कुठेतरी जाते. मुलीने माझ्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाली, "यू विल बी ग्रँड, आई." मी मराठीत बोलले की ती समजते सगळं, उत्तर मात्र असं इथल्या इंग्रजीत देते, 'ग्रँड' म्हणजे ठीक.

अण्णांना सांगायला गेले तेव्हा ते बॅग भरून बसले होते. मी सांगितलं. तीनदा विचारलं होतं, हे ते बोलले नाहीत. बॅगेतून टोपी काढून खुंटीला लावली आणि म्हणाले, "मंग? हितं गुहा न्हाईत का?"

सहावी नोंद मी तेव्हाच खोडायला हवी होती. खोडली नाही. मला वाटतं मी ती तेव्हा उघडलीच नाही.

इथे गुहा आहेत. पश्चिमेला क्लेअरमध्ये चुनखडीचा मोठा उघडा प्रदेश आहे, मैलोन्‌मैल राखाडी फरशी घातल्यासारखा, आणि त्याच्या पोटात पाण्याने कोरलेल्या गुहा. तोच दगड पुढे समुद्रात उतरतो, तिथे काठच्या गुहा. म्हणजे बेटावर जे बघायचं होतं तेच, फक्त ऊन वजा करून. मी तीन दिवसांची खोली घेतली. ॲथलोनच्या पुढे गेल्यावर पाऊस लागला आणि मग तो आमच्याबरोबरच राहिला. अण्णा खिडकीतून दगडी बांध बघत होते. एवढं पाणी पडतं आणि कालवा एक दिसत नाही, म्हणाले. मी गाडी चालवत होते आणि डोळे उघडे ठेवायला गालाची आतली बाजू चावत होते. त्या आठवड्यात कारखान्यात तपासणी होऊन गेली होती आणि मी सलग चार रात्री पाच तासांच्या वर झोपले नव्हते. ही काही तक्रार नाही. पुढे जे झालं त्यात हेही होतं, म्हणून सांगते.

पहिली गुहा तिकिटाची होती. हेल्मेट देतात, एक मुलगी कंदील घेऊन पुढे चालते, आतून दिवे लावलेले. दहा-बाराजणांची आमची रांग दारातून आत सरकत होती आणि एकदम थांबली. मागे वळून बघते तर अण्णा वाकून बुटाची नाडी सोडत होते. एक बूट काढून झाला होता. मोज्यातला पाय ओल्या दगडावर. मार्गदर्शक मुलगी हसून म्हणाली, ठेवा हो पायात, आत ओलं आहे. मी पुढे होऊन अण्णांना बूट चढवला, लहान मुलाला चढवतात तसा, लोकांसमोर. त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं.  मला कळलं होतं ते का बूट काढताहेत. आमच्याकडे जुन्नरला जिकडे बघाल तिकडे डोंगरात लेणी, आणि ज्या गुहेत शिराल तिथे आत कुणीतरी शेंदूर लावून बसलेलं. गुहा म्हटली की चपला बाहेर. म्हणजे अण्णांना वाटतंय आपण गावाकडे आहोत. ते कुठे आहेत तेच विसरले आहेत.

आत खूप खोल गेल्यावर त्या मुलीने सगळ्यांना सावध करून दिवे बंद केले, खरा अंधार कसा असतो ते दाखवायला. स्वतःचा हात डोळ्यांपुढे धरला तरी दिसत नाही असा अंधार. मी चाचपडत अण्णांचा हात धरला. ते घाबरले असतील म्हणून धरला असं मला वाटलं होतं, पण हात माझाच गार पडलेला होता. कुठेतरी पाणी ठिबकत होतं. अण्णा हळूच म्हणाले, "कुणी छिन्नी लावली न्हाई बग. नुस्त्या पाण्यानं केलंय." त्यांच्या आवाजात मला फार दिवसांनी कौतुक ऐकू आलं. आई गेल्यापासून पहिल्यांदाच. त्या क्षणी मला रडू यायला हवं होतं. त्याऐवजी मी दिवे लागायची वाट बघत होते, कारण मला बसायचं होतं.

रात्री खोलीवर गेल्यावर मी नोंद केली: 'गुहेबाहेर बूट काढले. स्थळाचं भान?' प्रश्नचिन्ह घातलं. क्वालिटीवाल्यांना तेवढी सवय असते, सिद्ध होईपर्यंत प्रश्नचिन्ह ठेवायचं.

दुसऱ्या दिवशी एका टेकडीच्या कड्याखाली हेझलच्या झाडीतून चालत गेलो. तिथे कड्याला एक उथळ पोकळी होती, चार माणसं बसतील एवढी. तिकीट नाही, माणूस नाही. अण्णांनी परत बूट काढले. मी थांबवलं नाही. ते अनवाणी आत गेले, भिंतीला हात लावून तो कपाळाला लावला, बाहेर आले आणि दगडावर बसून मोजे चढवले. विचारायला काय झालं होतं मला? एका वाक्याचा प्रश्न होता, अण्णा, बूट का काढले. ते पायातली माती झटकत समोरच बसले होते. मी विचारलं नाही. फोन काढला आणि लिहिलं: 'पुन्हा.'

त्याच वेळी नवऱ्याने बेटावरून फोटो पाठवले होते. निळं पाणी, पांढऱ्या दगडाची कमान, टोपी घातलेली आमची मुलगी, खाली लिहिलेलं, इट्स लाइक ॲन ओव्हन. मी अण्णांना दाखवले. त्यांनी फोन लांब धरून नीट बघितले आणि म्हणाले, पोरगी काळी पडली. मग फोन परत देताना त्यांचा अंगठा कुठे लागला कुणास ठाऊक, फोटो गेले आणि यादी उघडली. मी झटकन फोन ओढून घेतला. त्यांनी वाचलं की नाही ते मला तेव्हा कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी समुद्राकाठची गुहा. ओहोटीलाच आत जाता येतं. आमच्या मुक्कामाच्या घरात जिन्याखाली भरती-ओहोटीच्या वेळांचा कागद टाचणीने लावलेला होता. ओहोटी बारा वाजता. पण कारखान्यात माझ्याबरोबर क्लेअरचा एकजण आहे, त्याने मला निघायच्या आधी बजावून सांगितलं होतं की हे तक्ते हिवाळ्याच्या वेळेने छापतात, उन्हाळ्यात इथली घड्याळं तासभर पुढे करतात म्हणून एक तास मिळवायचा. मी एक तास मिळवला. एक वाजता. परदेशात राहून राहून आपल्याला घड्याळात काहीतरी मिळवायची किंवा वजा करायची इतकी सवय झालेली असते की कागदावरची वेळ जशीच्या तशी खरी असेल यावर विश्वासच बसत नाही. कागदाच्या तळाला बारीक अक्षरात लिहिलं होतं की तास आधीच मिळवलेला आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या कागदांच्या तळाची बारीक अक्षरं वाचून पगार घेणाऱ्या बाईने ते वाचलं नाही.

अण्णांचा गुडघा दुखत होता, मी दोनदा बसले, त्यामुळे आम्ही दीडला पोचलो. माझ्या हिशेबाने ओहोटी नुकतीच संपत होती. खरं तर भरतीला लागून दीड तास होऊन गेला होता. गुहेचं तोंड उंच होतं, आत पंधरा-वीस पावलं जाता येत होतं, जमीन गोट्यांची आणि मागे चढत गेलेली. पाणी तोंडापासून बरंच लांब दिसत होतं. अण्णांनी बाहेर एका बुटक्या दगडावर बूट काढले, मोजे गुंडाळून त्यात कोंबले आणि अनवाणी आत आले. मी आता लिहायचंही सोडलं होतं. मी आतल्या भिंतीला पाठ टेकवून बसले आणि डोळे मिटले. लाटांचा आवाज आत घुमत होता, जवळचा की लांबचा ते कळत नव्हतं. खूप बरं वाटत होतं. कुणी मला काही विचारत नव्हतं.

डोळे उघडले की अण्णा दिसायचे. छतावरचे हिरवे-तांबडे डाग बघत होते आणि मधेच मान वळवून बाहेर बघत होते. परत आत, परत बाहेर. मी मोजलं, पाच वेळा. मला वाटलं, बाहेर काय आहे ते त्यांना आठवत नाहीये, म्हणून सारखं बघून खात्री करताहेत. दादाला आज फोन करायचा, मी ठरवलं. सांगायचं की नाही, नाही राहू शकत, फ्लॅटवर घेऊन जा. एवढं ठरल्यावर मला इतकं हलकं वाटलं की त्याची आठवण आजही नकोशी वाटते.

सहाव्या वेळी त्यांनी मान वळवली ती वळवलेलीच राहिली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, "माझा बूट हलला."

मी उठून बघितलं. दगडाभोवती पाणी होतं. एक बूट दगडावर आडवा झाला होता आणि दुसरा पाण्यावर तरंगत, गोल फिरत, बाहेरच्या दिशेने निघाला होता. दगडापासून गुहेच्या तोंडापर्यंत मघाशी कोरडे असलेले गोटे आता दिसतच नव्हते.

"चल," अण्णा म्हणाले. मी बॅग शोधायला लागले. त्यांनी माझं मनगट धरलं आणि ओढलं. तोंडापाशी पाणी माझ्या गुडघ्याच्या वर आलं, इतकं गार की तोंडातून शब्द निघेना. एक लाट आली आणि माझा पाय गोट्यांवरून सटकला. मी पूर्ण खाली गेले असते. अण्णांनी दुसऱ्या हाताने माझ्या जॅकेटची कॉलर धरली आणि तशीच धरून मला बाजूच्या फरशीवर चढवलं, मग स्वतः चढले, चौऱ्याहत्तर वर्षांचे, अनवाणी, दगडाला चिकटलेल्या धारदार शिंपल्यांवरून. चढता चढता दगडावरचा राहिलेला बूट त्यांनी उचलला होता. तो कधी उचलला ते मला आजही सांगता येणार नाही.

वर आलो तेव्हा त्यांच्या तळपायातून रक्त येत होतं. दहा मिनिटांनी त्या बुटक्या दगडाचा पत्ताही राहिला नाही. मी रडायला लागले. भीतीने आधी, आणि मग सगळ्यानेच. मी म्हटलं, मी तास चुकीचा मिळवला अण्णा, माझ्यामुळे झालं. ते पायाला माझा रुमाल बांधत होते. असू दे, म्हणाले, कालव्याचं पाणीसुद्धा सांगून येत नसतं.

मग मी शेवटी विचारलं. इतके दिवस जे विचारायचं राहिलं होतं ते, ओल्या कपड्यांत, नाक पुसत. अण्णा, तुम्ही बूट का काढत होता? तुम्हाला गावाकडं असल्यासारखं वाटत होतं का?

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला परत दहा वर्षांची झाल्यासारखं वाटलं. "हे आयर्लंड हाय, ते ठाव हाय मला," ते म्हणाले. "आत देव हाय का न्हाई, ते आपल्याला काय ठाव? काढलेले बरे." आणि जरा थांबून म्हणाले, "आन् काढले की नजर ठेवायची. देवळातनं दोनदा चपला गेल्यात माझ्या."

एवढंच होतं. मी पाच वेळा जिला विस्मरण समजले ती चपला चोरीला जाऊ नयेत म्हणून ठेवलेली नजर होती. आमच्या गावातला कुठलाही माणूस देवळात हात जोडतो आणि एक डोळा दाराकडे ठेवतो. मीही ठेवते. मला ते कळायला हवं होतं. मी त्यांच्याकडे तपासणीला आलेल्या मालासारखं बघत होते, म्हणून कळलं नाही.

गाडीच्या डिकीत मुलीचे गमबूट होते, गुलाबी ठिपक्यांचे. ते अण्णांना टाचेत अर्धेच जात होते. तसेच घालून ते पुढच्या सीटवर बसले, मांडीवर एक ओला बूट. एका बुटाचं काय करणार म्हटलं तर म्हणाले, ऱ्हाऊ दे. ॲथलोनच्या अलीकडे पेट्रोल पंपाशी मी चहा घ्यायला थांबले. दोन कागदी पेले घेऊन आले आणि दार उघडायच्या आधी जरा वेळ गाडीच्या टपाला टेकून उभी राहिले. आत बसल्यावर अण्णा म्हणाले, तू लिहितीस ते मला दिसतं. चष्मा नवा हाय.

मी एक पेला त्यांच्या हातात दिला.  दादाने सांगितलं होतं, असं मी म्हटलं, आणि ते तोंडातून निघताच मला स्वतःची चीड आली.

"ठाव हाय," ते म्हणाले. "मलाबी इचारतो त्यो. तुझं."

माझं काय विचारतो, मी म्हटलं. तेव्हा कळलं की दादा दर रविवारी त्यांना फोन करून माझी चौकशी करत होता. फोनवर माझा आवाज त्याला बरा वाटत नव्हता. ही तिकडे टिकेल का, की सगळ्यांना घेऊन परत या म्हणून सांगू, असं त्याने अण्णांना विचारलं होतं. नीट बघा आणि सांगा. आणि अण्णा बघत होते. मी किल्ली दाराला बाहेर विसरते. जेवताना उभीच असते. कामावरून आल्यावर गाडी बंद करून वीस मिनिटं तशीच आत बसते, घरात येत नाही. हे सगळं त्यांनी बघितलं होतं, आमच्या पुढच्या खोलीच्या खिडकीतून.

मग तुम्ही काय सांगितलंत दादाला, मी विचारलं.

त्यांनी चहाचा घोट घेतला. "सांगितलं, दमलीय. इसरती बी. पण आपलं घर आपण सांभाळती. ऱ्हाऊ दे तितंच."

पेट्रोल पंपावर बाजूला एक माणूस गाडीच्या टायरमध्ये हवा भरत होता. मी त्याच्याकडे बघत बसले, कारण अण्णांकडे बघणं मला जमलं नसतं. ते सोपं सांगू शकले असते. हिला परत बोलवा, म्हणाले असते तर मी त्यांच्या जवळ आले असते, चिंचवडच्या आसपास, गावापासून दोन तासांवर. त्यांना गॅस तपासायला माणूस मिळाला असता. त्यांनी तसं सांगितलं नाही.

घरी आल्यावर त्यांच्या पायाला औषध लावलं, ते झोपले, आणि मी यादी उघडली. अकरा नोंदी होत्या. कारखान्यात करते तसं प्रत्येकीपुढे खरं कारण लिहीत गेले. प्रश्न तीनदा विचारला, कारण उत्तर तीनदा चुकीचं मिळालं. बुटांच्या दोन्ही नोंदी, कारण मी विचारलं नाही. मॉलचं दार मलाही सापडलं नव्हतं. सात नोंदी माझ्या निघाल्या. चार उरल्या. करपलेलं पातेलं, चष्मा, आईचं नाव, आणि एक अशी की ती मला इथेही लिहायची नाही. त्या खऱ्या होत्या. अण्णा विसरतात. हे काही एका बुटाने धुऊन जात नाही.

दादाला मी तेवढंच लिहिलं जेवढं मला सुचलं: 'दमलेत. विसरतातही. पण आपलं घर आपण सांभाळतात. राहू दे तिथंच.' पलीकडे पहाट असावी. लगेच निळ्या खुणा उमटल्या, म्हणजे तो जागाच होता.  मग त्याने विचारलं, आणि काही झालं तर? मी लिहिलं, तर मी ठरवलं होतं असं म्हण. त्याने फ्लॅटचा विषय परत काढला नाही.

अण्णा ऑगस्टच्या शेवटी गेले. तो एक बूट घेऊन गेले नाहीत. तो मागच्या दारात आहे, मीठ फुटून पांढरा झालेला. नवरा टाकून देऊ का म्हणून विचारत असतो.

डिसेंबरात एका रविवारी त्यांचा फोन आला. मी आठवड्याचं सामान घेऊन आले होते आणि गाडीतच बसले होते, घराबाहेर, वीस मिनिटांमधली दहा झाली असतील. परवा दुपारी गॅस चालू राहिला, ते म्हणाले. दार उघडं होतं म्हणून बरं.  मी म्हटलं, दादाला सांगितलंत का? तर म्हणाले, त्याला कशाला, ठरवायचं तू आहेस ना. लिहून ठेव.

मी म्हटलं, अण्णा, ती यादी मी पुसून टाकली.

"मंग कशावरनं ठरवणार?" ते म्हणाले. "लिही."

मी नवीन पान उघडून लिहिलं. ते सांगत गेले तसं, दिवस, वेळ, किती मिनिटं. कालव्याच्या पाण्याची पातळी सांगावी तसं सांगत होते, कमी नाही, जास्त नाही. आता दर रविवारी असंच होतं. कधी सांगायला काही नसतं, कधी एखादी गोष्ट असते, आणि एक दिवस ती यादी पुरेशी लांब होईल आणि मला दादाला फोन करावा लागेल, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे. त्यांचं सांगून झालं की ते विचारतात, आता तुझं सांग. त्यांच्याकडे खात्याची जुनी निरीक्षण-वही आहे, तिच्यात कोरी पानं उरली आहेत. मी सांगते, आज गाडीत पंधरा मिनिटं बसले. आणि फोनवर पेनाची टोपी निघाल्याचा आवाज येतो.